सत्ताविसावी ओळ

शलाका चिवटेला ताब्यात घ्यायला सायबर शाखेची तीन माणसं कराडच्या घरी आली, तेव्हा ती तव्यावर थालीपीठ लावत होती. "एवढं उलटून घेते, बसा तोवर," ती म्हणाली. तिघं बसली. अटक करायला गेलेल्या माणसांनी आरोपीच्या घरी काही खाऊ नये, असा काहीतरी नियम असणारच. पण थालीपीठावर लोण्याचा गोळा आला आणि तो नियम तिघांपैकी एकालाही आठवला नाही.

शलाकाचा नवरा मिलिंद तोवर वॉरंट वाचत होता. मिलिंद मुद्रितशोधक. एका प्रकाशनाची पुस्तकं छपाईला जायच्या आधी काना-वेलांटीसकट तपासायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. मधल्या काळात शुद्धलेखन तपासणारी यंत्रं आली; तरी शेवटचा हात मिलिंदचाच फिरावा, असा प्रकाशकांचा हट्ट होता. वॉरंटावरही त्याचा हात सवयीनं फिरला.

"'परकिय सरकारच्या संगणकात' असं छापलंय इथं. 'की' दीर्घ हवी."

"मिलिंद," शलाका म्हणाली, "मला धरून न्यायला आलेत रे. की कशीही असू दे."

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो मटकन खुर्चीत बसला.

शलाका तंत्रनिकेतनात पंचवीस वर्षं संगणकांची जाळी शिकवत होती. तिचा एकुलता एक मुलगा ओजस, वय सव्वीस, स्कारवेन नावाच्या उत्तरेकडच्या चिमुकल्या देशाच्या सरकारी ध्रुवीय तळावर अँटेनादुरुस्तीला होता. तळावर माणसं अवघी सत्तावीस. वर्षातले सहा आठवडे तिथं 'मौन' पाळत. म्हणजे बोलायचं नाही असं नव्हे. पण तळाची एकुलती एक केबल त्या काळात आकाशाच्या निरीक्षणांनी गच्च भरलेली असे, म्हणून घरचे फोन आणि निरोप बंद. मौन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ओजस फोनवर दोनदा खोकला होता. तेवढं शलाकाला पुरलं.

नवव्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर तिनं संगणक उघडला. स्कारवेनच्या ध्रुवीय खात्याच्या सगळ्या यंत्रांना भक्कम पासवर्ड होते. फक्त तळाच्या स्वयंपाकघराची नोंदवही ठेवणाऱ्या यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. दाराला मोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली, यातला प्रकार. त्या यंत्रातून ती आत शिरली. सत्तावीस ओळींची यादी समोर आली. ओजस सगळ्यांत नवा, म्हणून त्याची ओळ सगळ्यांत खाली. नाश्ता: घेतला नाही. जेवण: घेतलं नाही. दोन दिवस.

इथवर थांबली असती तर गोष्ट वेगळी होती. पण मुलगा जेवलेला नाही हे कळल्यावर जी आई थांबते ती शलाका नव्हे. दवाखान्याची नोंद पाहिली: ताप, एकशे दोन. मग कामाची यादी पाहिली: उद्या सकाळी बाहेरच्या मनोऱ्यावर ओजस, तापमान उणे एकतीस. तिनं त्याचं नाव तिथून काढलं आणि चार दिवस पुढं टाकलं. सगळं मिळून अकरा मिनिटांचं काम.

नाव निघालं तसं तिथल्या यंत्रणेनं आपोआप दुसरं नाव भरलं. टोरा, वय एकोणतीस. दुसऱ्या दिवशी टोरा मनोऱ्यावर चढली, वारा सुटला, ती दोन तास वर अडकली, आणि तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पुढं कापावी लागली.

मौन संपल्यावर ओजसचा फोन आला. तोवर शलाकाला जामीन मिळाला होता. पासपोर्ट जमा, तंत्रनिकेतनात पाऊल टाकायचं नाही, संगणकाला हात लावायचा नाही.

"आई, मी सकाळी सांगणारच होतो गं, की मला बरं नाही म्हणून. त्यांनी काम पुढं ढकललं असतं, बास. पण आयत्या वेळी बदली म्हणून नाव आलं की नाही म्हणायची पद्धत नाही इथं. टोरा माझ्यासाठी गेली आई."

फोन ठेवल्यावर शलाकानं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मिलिंदला आत जायचं धाडस झालं नाही.

आता हेतुमापकाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं होतं.

पूर्वी अशा गुन्ह्यांत मोठा घोळ असे. एका देशात ज्या गोष्टीला समज देऊन सोडून देत, त्याच गोष्टीला दुसऱ्या देशात चाळीस वर्षं. आरोपी कुणाच्या हवाली करायचा यावर सरकारं वर्षानुवर्षं भांडत आणि तो बिचारा मधल्या मध्ये म्हातारा होई. मग हे यंत्र निघालं. माणूस टाइप करताना दोन अक्षरांच्या मध्ये क्षणभर थांबतो. ते थांबणं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. सवयीचा शब्द बोटं आपोआप उमटवतात. पण काही लपवायचं असलं, मोडायचं असलं, भीती असली, की त्याआधी मेंदू अडखळतो आणि ते अडखळणं बोटांत उतरतं. चोरी करणाऱ्याचं थांबणं वेगळं, नुसत्या उत्सुकतेनं डोकावणाऱ्याचं वेगळं. गुन्हा कबूल केलेल्या हजारो लोकांची बोटं दाखवून यंत्राला हा फरक शिकवला होता. आरोपीनं मागं काही मजकूर ठेवला असेल तर तोही हिशेबात धरायचा. शंभरपैकी साठाच्या आत गुण आले तर खटला आणि शिक्षा आपल्याच देशात. साठाच्या वर गेले, तर ज्याचा संगणक फोडला त्या देशाकडे रवानगी.

शलाकाला एकोणऐंशी गुण पडले. स्कारवेनमध्ये या गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत कैद होती.

कागद घेऊन वकील आल्या. रुबिना मुजावर, शलाकाचीच जुनी विद्यार्थिनी. संगणक सोडून वकिलीकडं गेली म्हणून शलाका तिच्यावर तेव्हा वर्षभर रुसली होती. आता तो रुसवा विसरणंच सोयीचं होतं.

"मॅडम, बोटांचे गुण चव्वेचाळीसच आहेत," रुबिना म्हणाली. "पस्तीस गुण एका वाक्याचे पडलेत. तुम्ही निघताना धमकी ठेवून आलात म्हणे."

मिलिंदनं कागद ओढून घेतला. स्कारवेनच्या यंत्रानं मूळ मजकूर त्यांच्या भाषेत नेला होता आणि इकडच्या यंत्रानं तो परत मराठीत आणला होता. 'आरोपीने शासकीय यंत्रणेस पुढील इशारा दिला: मी येत आहे.'

"हे तू लिहिलंस?"

"मी कशाला धमकी देऊ? बाहेर पडताना शेरा लिहायची चौकट आली. ती रिकामी ठेवली तर बाहेरच सोडेना. काहीतरी टाकायचं म्हणून टाकलं."

"काय टाकलंस पण?"

"'येते.'"

मिलिंदनं आधी रुबिनाकडं पाहिलं, मग शलाकाकडं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला. उभ्या आयुष्यात ही बाई उंबऱ्याबाहेर पडताना 'जाते' म्हणाली नव्हती. भाजीला निघाली तरी 'येते', दवाखान्यात कुणाला भेटून निघाली तरी 'येते', बँकेच्या काउंटरवरच्या माणसालाही 'येते'. 'जाते' म्हणाली असती तर तिच्या आईनं हातातली पिशवी काढून घेऊन तिला परत बसवलं असतं. आणि त्या दोन अक्षरांवर एका देशानं पस्तीस गुण लावले होते!

"सर, हे तुम्हीच सांगायचं न्यायाधिकरणापुढं," रुबिना म्हणाली. "शब्दांचा जाणकार म्हणून. पण एक आहे. शब्दाचं पटलं की ते पुढचं विचारणार. मॅडमचा परत आत शिरायचा विचार होता का, तुम्हाला काही बोलल्या होत्या का. त्याचं उत्तर टाइप करून द्यावं लागतं. साक्षीदाराचीही बोटं मोजतात."

मिलिंदचं हसू मावळलं. ती आत शिरली त्या दुपारी चहा घेताना शलाका त्याला म्हणाली होती, "उद्या परत एकदा बघते, ताप उतरला का." दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला निघाला म्हणून ती आत गेली नाही, इतकंच.

सुनावणीच्या आठवड्यात मिलिंद सकाळी सकाळी गच्चीवर जाऊ लागला. सोबत एक जुना, कशालाही न जोडलेला कीबोर्ड. त्याला दोनच बोटांनी टाइप करता येई. टक, टक, टक, टक. थांबून पुन्हा टक, टक, टक, टक. चौथ्या दिवशी शलाका वाळवणाची चादर घेऊन वर आली आणि दारातच उभी राहिली.

"काय लिहितोयस?"

"काही नाही."

"'नाही'च लिहितोयस. न, काना, ह, दुसरी वेलांटी. इतकी वर्षं ऐकतेय मी तुझी बोटं. वेलांटीच्या आधी अडकतोयस."

मिलिंदनं बोटं मांडीवर ठेवली.

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास," ती शेजारी बसत म्हणाली, "आणि आता माझ्यासाठी मुद्दाम करणार?"

"चौदा वर्षं, शलाका. तू सत्तरची होशील. मी बहात्तरचा."

"हिशेब येतो मला."

"हिशेबाचं नाही बोलत मी. मला तुझ्याशिवाय राहता येणार नाही. झालं, सांगून टाकलं."

लग्नाला तीस वर्षं झाली तरी हे वाक्य त्याच्या तोंडून असं सरळ कधी आलं नव्हतं. शलाकानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. वाळवणाची चादर अंथरायची राहूनच गेली. मग खाली येऊन तिनं तो कीबोर्ड माळ्यावर टाकला, अगदी मागं, मोठ्या पातेल्यांच्या पलीकडं.

न्यायाधिकरण पुण्यात बसलं. न्यायाधीश अंतुरकर नावाच्या बाई होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधायची त्यांना सवय होती. समोरच्या पडद्यावर स्कारवेनचे सरकारी वकील. त्यांचं बोलणं लगोलग मराठीत ऐकू येई.

"क्रियापद 'येणे' हेच आहे ना?" त्यांनी मिलिंदला विचारलं.

"तेच आहे."

"मग जाणारा माणूस 'येतो' का म्हणेल?"

"साहेब, माणसानं जावं हेच आमच्याकडं कुणाला आवडत नाही," मिलिंद म्हणाला. "म्हणून निघतानाच परत यायचं बोलून ठेवतात. त्याच्यात इशारा नसतो. माया असते."

अंतुरकरबाई चष्मा शोधता शोधता हसल्या. "मीही आज सकाळी घरातून तेच म्हणून निघाले. नोंद घ्या." यंत्राला मराठी माणसांच्या घरोघरच्या निरोपांचे दोन लाख नमुने ऐकवले गेले. पाच मिनिटांत त्यानं नवा आकडा दिला. चव्वेचाळीस.

रुबिनानं टेबलाखाली मूठ आवळली. मिलिंदला वाटलं, उठावं आणि कुणालातरी मिठी मारावी. तेवढ्यात शिपायानं त्याच्यापुढं कीबोर्ड आणून ठेवला.

"आरोपीचा दुसऱ्यांदा प्रवेश करण्याचा विचार होता का? आपल्याला जे ठाऊक असेल ते लिहा."

मिलिंदनं दोन बोटं वर उचलली. न कुठं आहे तेच त्याला दिसेना.

"बाई, त्यांना राहू दे," शलाका उभी राहिली. "प्रश्न माझ्याबद्दल आहे. उत्तर मी देते."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. तिची बोटं कुठंही थांबली नाहीत. 'हो. दुसऱ्या दिवशी परत बघणार होते. पासवर्ड बदलला नसता तर गेले असते.'

यंत्रानं आकडा बदलला. त्रेसष्ट.

रुबिनानं डोळे मिटून घेतले. मिलिंदला बायकोचा असा राग आला की तिथंच ओरडावं. आणि त्याच वेळी छातीवरचं मोठं ओझं उतरलं, कारण तिनं त्याला खोटं बोलू दिलं नव्हतं. दोन्ही एकदमच वाटलं. कशाला काय म्हणायचं ते त्याला कळेना.

करारात एक बारीक कलम होतं. साठ ते सत्तरच्या पट्ट्यात गुण पडले, तर ज्या माणसाचं नुकसान झालं त्याचं मत विचारायचं. त्या माणसाला आरोपीला एक प्रश्न विचारायचा हक्क होता. पडद्यावर टोरा आली. डाव्या हाताला पट्टी, केस मागं घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर रागही नाही आणि हसूही नाही.

"त्या यादीत तुमच्या मुलाच्या वरची ओळ माझी होती," ती म्हणाली. "साथ आली होती. मलाही ताप होता. मीही दोन दिवस जेवले नव्हते. माझा प्रश्न एवढाच: तुम्हाला ते दिसलं नाही का?"

शलाकाच्या हातांनी कीबोर्डला स्पर्श केला आणि ते तसेच राहिले. यंत्र मोजत होतं. सगळी खोली मोजत होती. मिलिंदला या बोटांची प्रत्येक लय ठाऊक होती. ती एवढी कधीच थांबली नव्हती. अंतुरकरबाईंनी यंत्राचा पडदा हळूच भिंतीकडं वळवला.

अखेर अक्षरं उमटली, एकेक करून. 'दिसलं असणार. दोन्ही ओळी डोळ्यांसमोरच होत्या. मी वाचली एकच. माझा गुन्हा काय ते कागदात लिहिलंय, पण खरा गुन्हा हा आहे. माफी मागायचीही लाज वाटते, बाळा.'

'बाळा'चं काय करावं ते भाषांतर करणाऱ्या यंत्राला सुचलं नाही. त्यानं तो शब्द तसाच पुढं पाठवला. टोरानं तो एकदा ओठांवर उच्चारून पाहिला.

"तिला इथं आणून चौदा वर्षं कोंडलं तर माझी बोटं उगवणार नाहीत," ती म्हणाली. "पण सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. आमच्याकडं जेवणाची यादी आणि कामाची यादी कुणी एकत्र वाचत नाही. तिला वाचता येतं. तिनं वाचावी. सगळ्यांची." जरा थांबून ती पुढं म्हणाली, "एक सोडून."

शिक्षा पुण्यातच झाली. तीन वर्षं शलाकानं संगणक वापरायचा नाही, शिकवायचं नाही. फक्त रोज सकाळी एक तास, पोलिसांनी बसवलेल्या यंत्रावर, तळाच्या दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. आजारी माणूस कामाला लावलेला दिसला की कळवायचं. ओळी सव्वीस. सत्ताविसाव्या ओळीवर काळी पट्टी. आपल्या मुलानं काय खाल्लं, हे तिला तीन वर्षांत एकदाही दिसणार नव्हतं.

"चौदा वर्षं परवडली असती," त्या दिवशी घरी परतताना शलाका गाडीत म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "बरोबर आहे पण पोरीचं."

पुढच्या वर्षी पुन्हा मौन आलं. ओजसचे फोन बंद झाले. मिलिंद रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन तिच्या शेजारी बसे. एव्हाना तिला सव्वीसजणांच्या सवयी पाठ झाल्या होत्या: कोण मासे टाकून देतो, कोण मंगळवारी उपाशी राहतो, कोण दोनदा गोड घेतं. ओळी वाचताना ती त्यांच्यावर पुटपुटत चिडे आणि मिलिंद हूं हूं करी. शेवटच्या काळ्या पट्टीशी आली की गप्प होई. तिच्याखाली काय असेल यावर दोघं कधी बोलत नसत.

मौनाच्या विसाव्या दिवशी ती एकदम ताठ बसली.

"टोरा कालपासून जेवली नाही. दवाखान्यात घसा दुखतो म्हणून नोंद आहे. आणि आज हिलाच मनोऱ्यावर लावलीय! अक्कल आहे का या लोकांना?"

तिनं लगेच कळवलं, ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या शब्दांत. मग दोघं उत्तराची वाट पाहत बसली. चहा निवला. तास संपायला चार मिनिटं उरली होती तेव्हा तळावरून ओळ आली. नियमाप्रमाणे तीही मराठीत होऊन आली होती.

'काम रद्द. मी अंथरुणात आहे, पेज प्यायले. काळजी नको. काल रात्री इथं सगळे जेवले. टोरा.'

शलाकानं ती ओळ दोनदा वाचली. मग पडद्यावर बोट ठेवून मिलिंदकडं पाहिलं. काल रात्री टोरा जेवली नव्हती. यादीत तसं स्पष्ट होतं. मग ती सगळे कशाला म्हणेल?

"चूक झाली असेल का तिची?" शलाकानं हलक्या आवाजात विचारलं.

मिलिंदनं चष्मा पुसला, जवळ सरकून तो शब्द नीट पाहिला, आणि तिचा हात हातात घेतला.

"छे," तो म्हणाला. "बरोबर आहे ते. ओजस जेवला."